दर्या कुणाच्या मालकीचा?

रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. सोलापूरची उंची साडेचारशे मीटरच्या आसपास आहे. सरळ रेषेत मोजले तर अरबी समुद्र आपल्या पश्चिमेला जवळजवळ तीनशे किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्री. त्यामुळे सोलापूरकराला समुद्र म्हणजे मुंबईला पाहुण्यांकडे गेल्यावर चौपाटीला जाऊन बघायची गोष्ट वाटते. वर्गात महासागरांचे महत्त्व शिकवताना हे दरवर्षी जाणवते. मीठ, मासे, खनिज तेल, मोती, जलवाहतूक अशी यादी मुले पाठ करतात, पाच गुणांचे उत्तर लिहितात आणि मोकळी होतात. त्या यादीतल्या पहिल्याच शब्दावरून जो लढा पेटला, त्यात याच शहरातली चार माणसे फासावर गेली. पाच गुणांच्या उत्तरात ते कुठेच येत नाही.

समुद्रात काय काय मिळते याची यादी भूगोलाच्या पुस्तकाला पुरेशी आहे. इतिहासाचा प्रश्न वेगळा आहे. जे मिळते ते कुणाचे? घ्यायचे कुणी, आणि घेऊ नको असे सांगण्याचा अधिकार कुणाला? आपल्या या किनाऱ्यावर हा प्रश्न किमान पाचशे वर्षे विचारला जातो आहे आणि त्याची झळ थेट दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचली आहे.

आधी थोडे भाषेबद्दल. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्याला एक गंमत रोज दिसते. मराठी कोळी ज्या शब्दांवर आपली होडी चालवतो त्यातले अर्धेअधिक शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. दर्या, बंदर, जहाज, लंगर, खलाशी, दर्यावर्दी. होडीचा मालक तो नाखवा, मूळ फारसी नाखुदा. सारंग हा फारसी सरहंग. जंजिरा म्हणजे अरबी जझीरा, अर्थात बेट. आणि ज्याची वाट आपण जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बघतो तो मोसमी पाऊस, तो अरबी मौसिम. अरब खलाशांसाठी मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, वाऱ्याची दिशा बदलण्याची. उन्हाळा संपता संपता वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागतो, हिवाळ्यात तो ईशान्येकडून परत फिरतो. या एका नियमावर येमेन, ओमान, पूर्व आफ्रिका आणि कोकण यांच्यामधली ये-जा शेकडो वर्षे चालली. तोच वारा समुद्रावरची वाफ घेऊन सह्याद्रीला धडकतो, कोकणात आणि घाटमाथ्यावर बहुतेक सगळे रिकामे करतो आणि उरलेले आपल्याला देतो. सोलापूर जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर येते. म्हणजे आपल्या ज्वारीच्या दाण्यातले पाणीसुद्धा समुद्राचेच आहे, फक्त ते बराच प्रवास करून आलेले असते.

या वाऱ्यावर स्वार होऊन जी माणसे आली ती इथलीच झाली. अरब प्रवासी अल्-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, चौलला होता. चौलला तो सैमूर म्हणतो. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यात सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि इथेच जन्मलेलेही होते. त्यांच्यातलाच एक प्रमुख राजा नेमत असे आणि तो त्यांचे तंटे सोडवत असे.

याच काळातला एक ताम्रपट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडला. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. भाषा संस्कृत. त्यात संजाण प्रांताच्या अधिकाऱ्याचे नाव आहे मधुमती, दुसरे नाव सुगतिप. अभ्यासक सांगतात की मधुमती हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप. ताम्रपट त्याला ताजिक म्हणतो, म्हणजे अरब. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने त्याला नेमले होते आणि तिसऱ्या इंद्राच्या काळातही तो त्या जागेवर होता. आसपासच्या बंदरांवर त्याने जरब बसवली, दोन ओढ्यांवर फुकट नाव चालवली, एक अन्नछत्र काढले जिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. एका देवीच्या मठिकेला जमीन देण्यासाठी त्याने राजाची परवानगी घेतली आणि ती जमीन दिली. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे. सोलापुराहून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत पोहोचेल एवढ्या अंतरावर बसून एक कन्नड-मराठी मुलखाचा राजा आपला किनारा एका मुसलमान अधिकाऱ्याच्या हाती सोपवतो, आणि तो अधिकारी देवीच्या पूजाअर्चेची सोय लावतो. महाराष्ट्रातला इस्लाम तलवारीबरोबरच आला असे ज्यांना वाटते त्यांनी चिंचणीचा ताम्रपट एकदा वाचावा.

समुद्राने आणखी एक गोष्ट आणली, ती आपल्या ताटात दिसते. कोकणी मुसलमान शाफई आहेत, आपण दख्खनी बहुतेक हनफी. शाफई मसलकात समुद्रातला जवळजवळ प्रत्येक जीव हलाल. हनफी फिकहमध्ये फक्त मासा हलाल, आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर उलेमांच्या चर्चा अजून संपलेल्या नाहीत. सोलापूरच्या घरात कोकणातली सून आली की हा प्रश्न जेवणाच्या वेळीच उभा राहतो. पण नकाशा पुढे घेऊन बघा. कोकण, भटकळ, मलबार, श्रीलंका, इंडोनेशिया, पूर्व आफ्रिकेचा किनारा, येमेन: सगळीकडे शाफई. जिथे धर्म जहाजाने गेला तिथे शाफई मसलक गेला, जिथे तो मध्य आशियातून जमिनीने आला तिथे हनफी. हिंदी महासागराचा जुना व्यापारी नकाशा म्हणून शाफई वस्त्यांकडे बघता येते.

बहामनी काळात दख्खनला समुद्राची सर्वात मोठी गरज होती ती घोड्यांसाठी. दख्खनच्या हवेत चांगली घोड्यांची पैदास होत नसे. घोडे अरबस्तानातून आणि इराणमधून होर्मुझमार्गे जहाजांत भरून चौल, दाभोळ, गोव्याला उतरत आणि घाट चढून बीदर-गुलबर्ग्याला येत. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरच्या सुभेदाराने तो घोडा हिसकावला आणि मुसलमान हो तर परत देतो म्हणाला. निकितिनची त्यातून सुटका झाली, घोडाही परत मिळाला. पुढे बीदरला जाऊन त्याने तो विकला आणि परतीला दाभोळहून जहाज पकडले. चौलशेजारी रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. दाभोळलाच १४५३ मध्ये इराणच्या गीलानमधून आलेला आणखी एक व्यापारी उतरला होता, महमूद गवान. तो बहामनी राज्याचा वजीर झाला. बीदरचा त्याचा मदरसा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो व्यापारी असल्यामुळे समुद्राचे मोल जाणत होता. कोकणातल्या संगमेश्वर आणि खेळण्याच्या, म्हणजे विशाळगडच्या, सरदारांचे लोक व्यापाऱ्यांची आणि हज यात्रेकरूंची जहाजे लुटत. त्यांच्याविरुद्ध त्याने लांबलचक मोहीम चालवली आणि १४७२ मध्ये गोवा घेतला. पोटासाठी समुद्रावर लूट करणारे पोर्तुगीजांच्या आधीही होते, हे यावरून लक्षात यावे.

फरक असा की या लुटारूंपैकी कुणीही समुद्र माझा आहे असे म्हटले नव्हते. ते लपून लुटत.

२० मे १४९८ ला वास्को-द-गामा कालिकतला पोहोचला. १५०२ मध्ये तो दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने मक्केहून परतणारे ‘मिरी’ नावाचे जहाज गाठले, लुटले आणि आतल्या बायकामुलांसह शेकडो यात्रेकरूंना जाळून आणि बुडवून मारले. १५०८ च्या सुरुवातीला चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुकांच्या आरमाराने आणि दीवच्या मलिक अयाजने पोर्तुगीजांना हरवले, व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा त्यात मेला. बापाने सूड घेतला तो दाभोळवर. डिसेंबर १५०८ च्या शेवटी त्याने दाभोळ लुटून जाळून टाकले. २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा कायमचे आदिलशाहीच्या हातून गेले.

पण जाळपोळीपेक्षा दूरवर परिणाम करणारी गोष्ट एका कागदाची होती. त्याला कार्ताझ म्हणत, म्हणजे परवाना. हिंदी महासागरात फिरणाऱ्या प्रत्येक जहाजाने पोर्तुगीजांकडून तो विकत घ्यायचा. जहाज कुठून कुठे जाणार, त्यावर माल काय, माणसे कोण, हे त्यात लिहिलेले असे. पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची. काही माल, उदाहरणार्थ मिरी, न्यायला बंदी. परवाना नसेल तर जहाज जप्त. विजापूरच्या आदिलशहालाही, अहमदनगरच्या निजामशहालाही, आणि पुढे अकबरालाही आपली जहाजे पाठवायला हा कागद घ्यावा लागला. ज्यांच्याकडे लाखोंची फौज होती त्यांना आपल्याच किनाऱ्यासमोरच्या पाण्यावर परवाना लागत होता. सोलापूरच्या किल्ल्यासाठी विजापूर आणि अहमदनगर पिढ्यानपिढ्या भांडले, लग्नात हुंडा म्हणून तो किल्ला देऊ-घेऊ लागले, चांदबीबीच्या लग्नातही तोच विषय. १५७० मध्ये मात्र दोघे एकत्र आले. अली आदिलशहाने गोव्याला आणि मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा दिला. वेढे फसले आणि परवाने चालूच राहिले. माझ्या मते दख्खनच्या सुलतानांचे सर्वात मोठे अपयश इथे आहे. एकमेकांचे किल्ले घेण्यात जी ताकद घालवली तिचा चौथा हिस्सा आरमारावर खर्च केला असता तर पुढचा इतिहास वेगळा असता.

या परवान्यातून एक धार्मिक पेच उभा राहिला, तो वाचकांना ठाऊक असावा. कार्ताझवर हजरत ईसा आणि हजरत मरियम यांची चित्रे असत. हजला जायचे तर सुरतेहून किंवा दाभोळहून जहाजाने, आणि जहाजाला हा कागद लागणार. जमिनीच्या मार्गाने जायचे तर शिया इराणमधून. अकबराच्या दरबारातले मोठे आलिम मखदूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी यांनी फतवा दिला की दोन्ही मार्ग नामंजूर, तेव्हा हिंदुस्तानच्या मुसलमानांवर सध्या हज फर्ज नाही. बदायुनीने हा प्रसंग नोंदवताना आपली नाराजी लपवलेली नाही. सामान्य यात्रेकरूंनी फतव्याकडे फारसे लक्ष दिले नाही, जहाजे जात राहिली. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा परवान्यापायी तिला सुरतेत जवळजवळ वर्षभर थांबावे लागले. बादशहाची आत्या वर्षभर थांबते, तर दाभोळच्या एखाद्या खलाशाची आई किती थांबली असेल?

समुद्रावर मालकी सांगण्याचे हे वेड संसर्गजन्य निघाले. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने तेच केले, कान्होजी आंग्र्यांनीही आपले दस्तक घ्यायला जहाजांना भाग पाडले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान आणि दर्यासारंग होते, समोर जंजिऱ्यावर सिद्दी होते. समुद्रावरच्या त्या लढाया हिंदू विरुद्ध मुसलमान अशा रंगवणाऱ्यांना दोन्हीकडच्या तांडेलांची नावे वाचायला सांगावीत. युरोपातही या प्रश्नावर वाद पेटला. डचांनी १६०३ मध्ये एक पोर्तुगीज जहाज पकडले. त्या निमित्ताने ह्यूगो ग्रोशियस नावाच्या तरुण वकिलाने १६०९ मध्ये एक पुस्तिका छापली. त्याचे म्हणणे असे की हवेवर जशी कुणाची मालकी चालत नाही तशी समुद्रावरही चालत नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याची सुरुवात या पुस्तिकेपासून धरतात. त्या डचांनी पुढे मसाल्याच्या बेटांवर काय केले ही वेगळी कथा आहे.

ग्रोशियसच्या हजार वर्षे आधीचे एक उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते नेमके मिठाचे आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीस संग्रहांत ते येते. अबयज बिन हम्माल नावाचे येमेनचे एक सहाबी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले आणि मआरिब इथले मीठ आपल्या नावे करून मागितले. प्रेषितांनी ते दिले. ते निघून गेल्यावर मजलिसमधल्या एकाने लक्षात आणून दिले की हे मीठ तर न आटणाऱ्या पाण्यासारखे आहे, कुणीही जावे आणि घ्यावे. हे कळताच प्रेषितांनी दिलेली देणगी मागे घेतली. फुकहांनी या घटनेवरून नियम काढला: खोदकाम, मेहनत, खर्च न करता जे उघड्यावर मिळते आणि ज्यावाचून लोकांचे चालत नाही, ते राज्यकर्त्यालाही एकाच्या नावे करता येत नाही. पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळे लोक भागीदार, ही दुसरी हदीस याच रांगेत बसते. आपल्या जलशांतून हजरत अबयज यांचे नाव क्वचित ऐकू येते. ऐकू यायला हवे.

मीठ हा राज्यकर्त्यांचा आवडता विषय असतो. सगळे खातात, पर्याय नाही, आणि गरीब-श्रीमंत जवळजवळ सारखेच खातात. उलट उन्हात घाम गाळणाऱ्याला जास्त लागते. महाराजांचे १६७१ चे एक पत्र प्रसिद्ध आहे, कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेले. पोर्तुगीज मुलखातल्या बारदेशचे मीठ स्वस्त येते, त्यामुळे संगमेश्वरच्या मिठाला गिऱ्हाईक राहत नाही, तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. स्थानिक मिठागरे वाचवण्यासाठी आयात महाग करणे, हे आजच्या अर्थमंत्र्यांनाही समजेल असे धोरण आहे. जकात हा शब्द मूळचा झकात, हे उर्दूवाल्यांना सांगायला नको. दानाचा शब्द कराचा कसा झाला हे सांगायला मात्र एक वेगळा लेख लागेल.

इंग्रजांनी याच्या उलटे केले. त्यांनी किनाऱ्यावरच्या माणसालाच मीठ बनवणे गुन्हा ठरवला. १८८२ चा मीठ कायदा आणि मुंबई इलाख्यासाठी १८९० चा वेगळा कायदा, दोन्हींचा अर्थ एकच. समुद्राचे पाणी खाचरात साठवून वाळवायचे असेल तर सरकारचा परवाना हवा, आणि निघालेल्या मिठावर सरकारचा कर. पेण, उरण, भाईंदर, वसई, वडाळा इथल्या आगरी लोकांचा हा पिढीजात धंदा. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आगरी. त्यांच्या डोक्यावर आता सरकारी शिपाई बसला. १९२३ मध्ये व्हाइसरॉयने विधिमंडळाचा विरोध डावलून मिठाचा कर दुप्पट, मणाला अडीच रुपये केला. वर्षभरातच तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला आणि १९३० मध्ये तेवढाच होता. कार्ताझ फक्त जहाजवाल्याला लागायचा. हा परवाना प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचला होता.

दांडीची हकीकत पाठ्यपुस्तकात आहे, ती पुन्हा सांगत नाही. पाठ्यपुस्तकात नसलेली दोन नावे सांगतो. ५ मे १९३० च्या पहाटे गांधीजींना अटक झाल्यावर सत्याग्रहाचे नेतृत्व अब्बास तय्यबजी यांच्याकडे आले. बडोदा संस्थानच्या उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश, वय ७६. आठवडाभरात, १२ मे ला, त्यांनाही पकडले. मग सरोजिनी नायडू पुढे आल्या. २१ मे ला धारासणाच्या मिठागरावर स्वयंसेवकांच्या रांगा लोखंडी टोकाच्या लाठ्या झेलत पुढे गेल्या. त्या दिवशीच्या पुढाऱ्यांत इमामसाहेब अब्दुल कादिर बावजीर होते, गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेपासूनचे सोबती. महाराष्ट्रात वडाळ्याच्या मिठागरांवर मुंबईचे लोक तुटून पडले. १२ मे ला शिरोड्याला सत्याग्रह झाला. वि. स. खांडेकर त्या वर्षांत शिरोड्यालाच शिक्षक होते, ही शिक्षक म्हणून माझी एक आवडती नोंद.

आता सोलापूर. इथे समुद्र नव्हता. मीठ कुठून बनवणार? पठारावरच्या जिल्ह्यांनी म्हणून दुसरे कायदे शोधले. कुठे जंगल सत्याग्रह झाला, राखीव रानातले गवत कापले गेले. सोलापुरात शिंदीची झाडे तोडायचे ठरले, कारण ताडी-शिंदीच्या अबकारीतून सरकारला पैसा मिळे. तत्त्व तेच होते. निसर्गातल्या वस्तूवर सरकारचा हक्क आम्ही मानत नाही.

गांधीजींच्या अटकेच्या बातमीने गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले. ८ मे ला रूपाभवानी परिसराकडे शिंदीची झाडे तोडायला जमाव गेला. अटका झाल्या, वातावरण तापले, पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे हा तरुण जागीच गेला. त्यानंतर लोकांचा ताबा सुटला. पोलीस चौक्या आणि न्यायालयाची इमारत पेटली, मंगळवार पेठेच्या चौकीतले पोलीस मारले गेले. ते वाईटच झाले, त्यावर पांघरूण घालायची गरज नाही. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचे राज्य दिसेनासे झाले. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावरची रहदारी सांभाळत होते. १२ मे ला मार्शल लॉ पुकारला गेला आणि ३० जूनपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणेही धोक्याचे झाले.

पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली खटला चालला आणि चौघांना फाशीची शिक्षा झाली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली गेली. कुर्बान हुसेन वीस-बावीस वर्षांचे होते. गिरणी कामगारांत काम करत आणि ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. गझनफर म्हणजे सिंह. चार पुतळ्यांपाशी १२ जानेवारीला आपण हार घालतो, भाषणे होतात. पण त्या चौघांची गोष्ट समुद्राच्या पाण्यापासून सुरू होते, हे एकाही भाषणात ऐकल्याचे आठवत नाही.

मिठाचा कर अखेर कुणी काढला? फेब्रुवारी १९४७ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. अंतरिम सरकारचे अर्थमंत्री होते लियाकत अली खान, मुस्लिम लीगचे. सहा महिन्यांनी ते पाकिस्तानचे पंतप्रधान झाले. इतिहासाला सोयीचे कप्पे मान्य नसतात, ते असे.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न संपला असे वाटले, पण तो फक्त बदलला. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल शोधले आणि १९७६ मध्ये ‘बॉम्बे हाय’मधून उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षी संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाची हद्द, २०० सागरी मैलांपर्यंत तिथल्या संपत्तीवर देशाचा विशेष हक्क. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात हीच मापे जगाने मान्य केली. म्हणजे ग्रोशियसचा मोकळा समुद्र किनाऱ्यापासून ३७० किलोमीटर मागे सरकला. हे आवश्यक होते, नाहीतर बलाढ्य देशांच्या बोटींनी आपल्या दारातले सगळे ओढून नेले असते. पण देशाचा हक्क म्हणजे देशातल्या कुणाचा हक्क, हे त्या करारात लिहिलेले नाही.

कोकणात हा प्रश्न आज माशांचा आहे. सिंधुदुर्गात रापण लावतात. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडायचे आणि किनाऱ्यावरून पंचवीस-पन्नास माणसांनी दोन्ही टोके ओढायची, मासळीचे वाटे करून घ्यायचे. पर्ससीनची गोष्ट वेगळी. अख्ख्या थव्याला जाळ्याने वेढायचे आणि बटव्याच्या दोऱ्या ओढाव्यात तसा तळ आवळायचा. एका फेरीत रापणवाल्यांच्या हंगामाएवढी मासळी निघू शकते, लहान पिल्लेसुद्धा. भांडणे झाली, बोटी अडवल्या गेल्या. शासनाने नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले गेले, परवान्यांची संख्या कमी करत आणायचे ठरले. २०१७ मध्ये एलईडी दिव्यांचा झोत सोडून मासे गोळा करण्यावर केंद्राने बंदी घातली. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात दालदी मुसलमानांची मोठी वस्ती आहे. तिथले लोक या भांडणात एका बाजूला नाहीत. मोठ्या बोटीवर कर्ज काढलेलेही आहेत आणि लहान होडीत पोट भरणारेही. २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर केले गेले. मासा संपत चालला म्हणून त्याला मान द्यायची वेळ आली.

माझे मत विचाराल तर मी लहान होडीच्या बाजूचा आहे, आणि कारण भावनिक नाही. समुद्र न आटणारा आहे असे मआरिबच्या मिठाबद्दल म्हणता आले, माशांबद्दल आता म्हणता येत नाही. जी वस्तू आटू शकते तिथे सर्वांच्या हक्काबरोबर सर्वांवर बंधनही येणारच. जून-जुलैचे दोन महिने मासेमारी बंद ठेवतात ती यासाठीच. पण बंधन आधी कुणावर? ज्याचा हात लांब पोहोचतो त्याच्यावर.

आपल्या बाजारात येणारी सुकट, जवळा आणि सुके बोंबील याच किनाऱ्यावरून येतात. ताजी मासळी बहुतेक उजनीची. मीठ मात्र आता कोकणचे राहिलेले नाही. देशातले तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ एकट्या गुजरातमध्ये तयार होते. पेण-उरणकडची आगरे एकेक करून बंद पडली. मुंबईच्या मिठागरांची जमीन इंग्रजांच्या काळापासून मीठ खात्याच्या ताब्यात होती, स्वातंत्र्यानंतर ती केंद्राकडे राहिली. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घेण्याचा निर्णय घेतला. भरतीचे आणि पावसाचे पाणी साठवणारी ही सखल जमीन आहे, म्हणून पर्यावरणवाद्यांचा विरोध आहे. धारावीच्या माणसाला घर हवे हेही खोटे नाही, आणि त्या माणसांत आपले सोलापूर-गुलबर्ग्याकडून गेलेले लोकही आहेत.

जाता जाता एक विनंती. कुर्बान हुसेन यांच्या ‘गझनफर’चे अंक मी बरेच दिवस शोधतो आहे. सोलापुरातल्या एखाद्या जुन्या घरात, पेटीत, माळ्यावर, कुणा नानांच्या कागदपत्रांत एखादा अंक किंवा पान असेल तर कृपया कळवा. मूळ कागद मला नको, तो तुमच्याकडेच राहू द्या. वाचायला आणि फोटो काढायला मिळाला तरी पुरे. १९३० च्या मार्शल लॉबद्दल घरात ऐकलेल्या आठवणी, खऱ्या-खोट्याची शहानिशा न झालेल्या असल्या तरी, लिहून पाठवा. उर्दूत लिहिल्या तरी चालतील, मराठीत मी करून घेईन.